भावाची पाल जेवत नाही

माझ्या धाकट्या भावाच्या पालीला भिंतीवर चढता येत नाही. पालीच्या कुळात जन्म घेऊन ही एवढी एक गोष्ट तिला साधलेली नाही. तिच्या बोटांना चिकटायची सोयच नाही, नुसती नखं आहेत. काचेच्या पेटीत ती पोट जेमतेम उचलून चालते, एखाद्या निवृत्त हेडमास्तरासारखी, वाटेत थांबत, मान वळवून बघत, आणि पुन्हा काही न करता दगडाखाली जात. आमच्या ट्यूबलाइटमागे राहणारी घरची पाल दिवेलागणीला चार किडे गिळून मोकळी होते. तिला कोणी आग्रह करत नाही. ही मात्र परदेशी, लेपर्ड गेको. अंगावर बिबट्यासारखे ठिपके आहेत म्हणून हे नाव. बिबट्याशी बाकी काही साम्य मला दिसलं नाही. बिबट्या निदान जेवतो.

भाऊ दिवाळीच्या थोडं आधी गेला. दुपारी, संगणकासमोर, बसल्या जागी. विरार पूर्वेला चंदनसारच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघंच राहायचो. मी कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेली, तो घरून काम करणारा. लग्न दोघांनीही केलं नाही, आणि त्याबद्दल आगाशीच्या आमच्या वाडीत जे काही बोललं जायचं ते केळीच्या घडांबरोबर आमच्यापर्यंत नियमित पोचायचं. तो गेल्यावर घरात त्याच्या हातची म्हणावी अशी जिवंत वस्तू एकच उरली. ती ही.

तो होता तेव्हाही तिचे नखरे कमी नव्हते. संध्याकाळी तो पेटीसमोर मांडी घालून बसायचा. हातात लांब चिमटा, चिमट्यात वळवळणारी अळी. पिठात होतात तशा या अळ्या तो ओटच्या कोंड्यात पाळायचा आणि डबा फ्रिजमध्ये ठेवायचा, दह्याच्या शेजारी. मेलेली अळी पालीला चालायची नाही. वाटीत ठेवलेली चालायची नाही. फार जाड असली तर ती तोंड फिरवायची. नुकती कात टाकलेली, पांढरी, मऊ अळी तेवढी तिला पसंत पडायची, आणि डब्यात तशी एखादीच सापडायची.

“घ्या साहेब, घ्या,” भाऊ म्हणायचा. “आज खास तुमच्यासाठी निवडलीय.”

मी पुस्तकातून मान वर न करता म्हणायची, “माझ्या दुधीला नाक मुरडतोस आणि तिला आग्रह करतोस.”

“ताई, तुझ्या दुधीला हिनंही नाक मुरडलं असतं.”

तो दुधी खायचा नाही. वांगं नाही, पडवळ नाही, दुधावरची साय दिसली तर कप परत यायचा. अशा माणसाने जगातल्या सगळ्या प्राण्यांतून नेमका हा निवडावा, यात मला नवल वाटलं नाही.

दहाव्याला आम्ही आगाशीला तळ्याकाठी गेलो. पिंड मांडला, त्याच्या आवडीचं वाढलं, आणि कावळा काही येईना. सुपारीच्या झाडावर तीन-चार बसले होते, पण खाली बघायला तयार नव्हते. भटजी घड्याळ बघू लागले. माझे चुलते, आम्ही त्यांना काका म्हणतो, वाडी सांभाळतात आणि घराण्यातला मोठा माणूस या नात्याने सगळ्यांच्या वतीने बोलतात. ते पुढे झाले, हात जोडले आणि एकेक वचन द्यायला लागले. वर्षश्राद्ध नीट करू. वाडीतल्या विहिरीची डागडुजी करू. बहिणीला एकटं पडू देणार नाही. कावळे ढिम्म. मग मागून कुणीतरी म्हणालं, “त्याची ती पाल!” काकांचा चेहरा उजळला. “तुझ्या पालीला अंतर देणार नाही,” ते मोठ्याने म्हणाले, “बाय तिला पोटच्या पोरासारखी सांभाळील.”

तेवढ्यात एक कावळा उतरला आणि पिंडाला शिवला.

लोकांनी सुस्कारे सोडले. काकू रडली. पलीकडे दुसऱ्या कुटुंबाचा विधी नुकताच आटोपला होता आणि तो कावळा तिथलं संपवून इकडे आला होता, हे मी पाहिलं होतं. बोलले नाही. सुतकात माणसाला खरं बोलण्याची मुभा नसते. पण वचन काकांनी दिलं आणि पाळायचं मी, ही वाटणी मात्र मला तिथेच कळली. आमच्या घरात वचनं अशीच देतात.

तेराव्यापर्यंत नातेवाईक फ्लॅटवर होते. स्वयंपाकघर काकूच्या ताब्यात होतं. एका सकाळी तिने फ्रिजमधला डबा उघडला आणि किंचाळली.

“अगं बाय, ओटला किती अळ्या झाल्यात! आणि हे तुम्ही फ्रिजमध्ये जपून ठेवलंय?”

मी बाहेरच्या खोलीतून उठून येईपर्यंत डबा कचऱ्यात रिकामा झाला होता, गरम पाण्याने विसळला होता आणि पालथा घातला होता. वर काकूने शेजारणीला सांगितलं ते मला ऐकू आलं. “नोकऱ्या करणाऱ्या बायका. पुस्तकं शंभर वाचतील, पीठ सांभाळता येत नाही.”

भावाने महिनोन्महिने वाढवलेल्या त्या अळ्या होत्या. त्याबद्दल शोक करण्याची रीत नाही, म्हणून मी केला नाही.

तेराव्याला काकांनी फोटो आणला. मोठा, सोनेरी चौकटीचा. भाऊ त्यात होता त्यापेक्षा गोरा दिसत होता आणि गळ्यात टाय होता, जो त्याने आयुष्यात कधी बांधला नाही. फोटोवाल्याने तो संगणकावर बांधला होता. दारातून शिरताच समोर दिसावा म्हणून फोटो बैठकीच्या कोपऱ्यात टांगला, म्हणजे बरोबर पालीच्या पेटीच्या वर. फोटोबरोबर विजेवर चालणारा दिवा होता, लाल ज्योतीचा, आणि भोवती लुकलुकणाऱ्या बारीक दिव्यांची माळ. काका स्वतः पेटीमागे वाकले, धापा टाकत त्यांनी जोडणी केली, आणि दिवा लागल्यावर दोन पावलं मागे जाऊन म्हणाले, “आता हा रात्रंदिवस तेवणार. तेलाची कटकट नाही.”

त्या दिवसापासून भेटायला येणारे फोटोला हात जोडू लागले आणि तो नमस्कार आपसूक पालीलाही मिळू लागला. काही बायका पेटीच्या काचेवर टकटक करून बघायच्या. “हीच का ती? चुकचुकत नाही का ही?” नाही, ती चुकचुकत नाही. पालीचं तेवढंही कर्तव्य ती करत नाही.

माणसं गेली आणि घरात आम्ही दोघी राहिलो. मी विरार पश्चिमेच्या एका दुकानातून नव्या अळ्या आणल्या. कोंडा चाळला, डबा भरला, त्यावर ‘पीठ नव्हे’ अशी चिठ्ठी चिकटवली. संध्याकाळी चिमटा घेऊन पेटीसमोर खुर्ची ओढली, कारण मला मांडी घालून बसता येत नाही. अळी तिच्या तोंडापुढे हलवली. तिने माझ्याकडे पाहिलं. मग डोळे मिटले, संथपणे, पापण्यांसकट, जसे कंटाळवाण्या व्याख्यानाला आलेले अध्यक्ष मिटतात.

दुसऱ्या दिवशी तेच. नंतर तेच. आपल्याला अजून ओळखत नसेल म्हणून मी थांबले. मग ओळखून खात नसेल असं वाटू लागलं. तिची शेपटी जाड होती, त्यात ती चरबी साठवते, असं भाऊ सांगायचा. ती शेपटी हळूहळू बारीक व्हायला लागली. मी रोज सकाळी आधी शेपटी बघायची आणि मग चहा ठेवायची. मला ती पाल आवडत नव्हती. पण ती मरावी हे मला सहन होण्यासारखं नव्हतं, आणि या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही.

दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, “मॅडम, ये लोग मूडी होते हैं,” आणि मला निळी झाकणं असलेल्या तीन बाटल्या दाखवल्या, ज्यांतली कुठलीही पावडर लावली की पाल खाऊ लागते. एक घेतली. अळ्यांवर भुरभुरवली. पालीने पिठूळ अळीकडे जसं पाहिलं तसं काकूने आमच्या ओटच्या डब्याकडे पाहिलं होतं.

मग भावाच्या फोनवरचा एक ग्रुप उघडला. अशा पाली पाळणाऱ्यांचा. ही माणसं स्वतःला पालीचे पालक म्हणवतात, ‘माझा मुलगा’, ‘माझी परी’ असं लिहितात, आणि परीच्या शीचे फोटो एकमेकांना पाठवून त्यावर गंभीर मतं देतात. मी विचारलं, पाल खात नाही, काय करावं. कोणी म्हणालं अळ्या बदला, झुरळं द्या. कोणी म्हणालं झुरळं मुळीच देऊ नका. एकाने लिहिलं, तिच्याशी बोला. एकाने विचारलं, हीटिंग चालू आहे ना? मी लिहिलं, आहे. पेटीच्या काचेवर गोल तापमापक चिकटवलेला होता, त्यातला काटा मला ठीक दिसत होता, आणि पेटीखालून एक वायर मागे गेलेली होती. आणखी काय बघायचं असतं, हे मला ठाऊक नव्हतं. कोणी विचारलं, घरात काही बदल झालाय का? या प्राण्यांना बदल सोसत नाही. हो, मी लिहिलं, तिचा माणूस गेला. त्यावर बावीस जणांनी रडक्या चेहऱ्याची चित्रं टाकली आणि पुढचा प्रश्न कोणाच्या तरी परीच्या शेपटीचा आला.

पहिल्या मासिक श्राद्धाला काका-काकू आणि दोन आत्या आल्या. मी सांगितलं नव्हतं, पण काकूने शेपटी ओळखली. गुरं पाळलेल्या घरातली बाई आहे, रोडावलेलं जनावर तिला दिसतं.

“ही खात नाही का गं?”

“नाही.”

“कधीपासून?”

“तेराव्यापासून.”

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. पुढे काय होणार ते मला त्या क्षणी कळलं आणि मी खुर्चीत बसले.

मोठ्या आत्याने सुरुवात केली. म्हणाली, याचा जीव अडकलाय. धाकटी म्हणाली, कावळा शिवला तोच पालीच्या नावावर, म्हणजे त्याचं मन पालीत होतं. काकूने पिशवीतून सुकेळ्यांची जुडी काढली, वाडीतली केळी उन्हात वाळवून केळीच्याच सोपात बांधलेली. भावाला सुकेळी फार आवडायची. दुधी न खाणारा माणूस सुकेळीची जुडी एका बैठकीत संपवायचा. काकूने एक सुकेळी सोलली, पेटीचं झाकण सरकवलं आणि पालीपुढे ठेवली.

“काकू, ती फळं खात नाही. ती फक्त किडे खाते.”

“ती नाही गं खात,” काकू हळू आवाजात म्हणाली, “पण तो खाईल.”

मग चौघंही पेटीसमोर हात जोडून उभी राहिली. तळ्याकाठी उभी होती तशीच, त्याच क्रमाने. काकांनी घसा खाकरला.

“बाबा रे,” ते पालीला म्हणाले, “काय राहिलं असेल ते सांग. तुझी पुस्तकं कोणाला देणार नाही.” पाल गप्प. “तुझा फोटो वाडीतल्या घरीही लावू.” पाल गप्प. काकांनी माझ्याकडे एक नजर टाकली. “तुझ्या बहिणीची काळजी असेल तर ऐक. हा फ्लॅट बंद करून बाय आगाशीला येईल. आमच्यात राहील. एकटी राहणार नाही. हे खाल्लंस तर तुझी परवानगी आहे असं समजू.”

माझं उरलेलं आयुष्य एका सुकेळीवर टांगलेलं मी पाहिलं. पाल उठली. धाकटी आत्या पुढे वाकली. पाल सुकेळीजवळ गेली, जीभ बाहेर काढली, तिचा वास घेतला, आणि तिच्यावर पाय देऊन पलीकडे दगडाखाली गेली.

“पाय दिला,” धाकटी आत्या म्हणाली. “म्हणजे काय समजायचं?”

“नाही म्हणते,” मी म्हणाले.

“तसं नसतं,” काका म्हणाले. “विचार करतोय तो.”

दिवेलागण झाली तशी मी अळ्यांचा डबा काढला, तर काकूने माझा हात धरला. घरात दिवा लावायच्या वेळी जीव मारू नये म्हणाली. कळंबच्या किनाऱ्यावरून आलेल्या बोंबलांची मुंडकी उडवताना हा हात कधी अडखळलेला मी पाहिलेला नाही. पण मी डबा परत ठेवला. जाताना काकूने उरलेली सुकेळी माझ्या ओट्यावर ठेवली आणि काका फोटोच्या लाल दिव्याकडे बघून म्हणाले, “हा कधी बंद करू नकोस हं.”

त्यानंतर थंडी पडली. आमच्याकडे थंडी म्हणजे पहाटे पंखा बंद करावा लागतो इतकीच, पण पाल दगडाखालून निघेनाशी झाली. चिमटा दाखवला तरी येईना. मी पेटीजवळ बसून वाचायची, ओळी पुढे सरकायच्या नाहीत, आणि अधूनमधून वाकून ती श्वास घेते आहे का ते बघायची. तिची कूस हलायची. तेवढ्यावर मी पान उलटायची.

एका संध्याकाळी वीज गेली. चंदनसारला ती जाते, त्यात विशेष नाही. ट्यूब विझली, फोटोची माळ विझली, आणि बऱ्याच आठवड्यांनी ती बैठक मला आमची वाटली. भाऊ अंधारातच बसायचा. स्क्रीनचा उजेड तेवढा चेहऱ्यावर. मी मेणबत्ती लावली नाही. बसून राहिले.

वीज आली तेव्हा सगळ्यात आधी लागली ती लाल ज्योत. माळ लुकलुकू लागली. मला तिचा इतका राग आला की निदान ती लुकलुक बंद करावी म्हणून मी उठले आणि पेटीमागे वाकून बटण शोधू लागले. तिथे भिंतीला एकच सॉकेट आहे. त्यात काकांच्या दिव्याचा प्लग होता. आणि खाली, भिंतीलगतच्या धुळीत, एक काळा प्लग पडला होता. त्याची वायर बोटाने धरत गेले, तर ती पेटीखाली गेली. तिथे भावाने पातळ चटईसारखं काहीतरी चिकटवलेलं होतं. मी पेटीच्या तळाला हात लावला. फरशीइतका गार.

काचेवरचा तो तापमापक पेटीच्या वरच्या बाजूला होता. तो इतके दिवस मला बैठकीतल्या हवेचं तापमान सांगत होता.

भावाच्या आत्म्यासाठी रात्रंदिवस तेवणारा दिवा लावायला काकांनी भावाच्या पालीची ऊब काढून घेतली होती. मग सगळं घराणं त्या दिव्याखाली हात जोडून तिला विचारत होतं की बाबा, काय राहिलंय. बिचारीकडे सांगायला वाचा असती तर तिने एका शब्दात सांगितलं असतं.

मी दिव्याचा प्लग ओढून काढला, काळा प्लग लावला. मग भावाच्या संगणकावरची पालीबद्दलची एक फाइल उघडून वाचली, जी मी आधी वाचायला हवी होती असं कोणीही म्हणेल. पोटाखाली ऊब नसेल तर या पालींना अन्न पचत नाही, म्हणून त्या खात नाहीत. नखरा नव्हता. ती इतके दिवस शहाण्यासारखी वागत होती आणि घरात तसं वागणारी ती एकटीच होती.

सकाळी पाहिलं तर ती दगडाबाहेर होती. चटईच्या वरच्या भागात चारही पाय पसरून, पोट जमिनीला चिकटवून पडलेली, देवळाच्या ओट्यावर दुपारी लोक पडतात तशी. त्या दिवशी खाल्लं नाही. नंतरही दोन-तीनदा अळीकडे नुसतं पाहिलं. पण आता डोळे मिटत नव्हती. मान तिरकी करून बघायची. मी घाई केली नाही.

दुसऱ्या मासिकाला काका-काकूच आले. आत्यांचा उत्साह ओसरला होता. चहा झाला, वाडीतल्या केळींवर पडलेल्या रोगाबद्दल बोलून झालं. दिवेलागण होत आली होती. मी डबा काढला आणि काकूने काही म्हणायच्या आत कोंडा चाळायला बसले. तळाशी एक पांढरी सापडली. नुकती कात टाकलेली.

चिमट्यात धरून मी ती पेटीत खाली नेली. पाल उभी राहिली. शेपटीचं टोक थरथरलं. मग तिने झेप घेतली, म्हणजे तिच्या मानाने झेप, आणि अळी तोंडात घेऊन दोनदा चावली आणि गिळली.

काका कप हातात घेऊन उठले. “ऐकलं! अगं, त्यानं ऐकलं! मी म्हटलं नव्हतं विचार करतोय म्हणून? बाय, आता आढेवेढे नकोत. सामान आवरायला घे.”

“त्याने काही ऐकलं नाही, काका. तिला ऊब हवी होती. तुम्ही तिचा प्लग काढला होता.”

“कुठला प्लग?”

मी दाखवला. काका वाकून बघत राहिले. “तो होय? मला वाटलं मोबाइलचा चार्जर असेल.” मग सरळ होत त्यांनी वर पाहिलं, आणि फोटोभोवती माळ लुकलुकत नाही हे तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. “दिवा कुठाय?”

“माळ्यावर ठेवलाय.”

“भावाचा दिवा विझवलास? पालीसाठी?”

“हो.”

पाल जीभ बाहेर काढून स्वतःचं तोंड चाटत होती, वचनाचा आणि तिचा काही संबंध नसल्यासारखी. शेवटी काकू म्हणाली, “अगं, मग एक्स्टेन्शन बोर्ड लाव ना. दोन्ही चालतील.”

एक्स्टेन्शन बोर्ड भावाच्या टेबलाखाली होता. मला माहीत होता. “बघते,” मी म्हणाले.

“आणि आगाशीचं?” काकांनी दारात चपला घालताना विचारलं.

“मी इथेच आहे. तिला बदल सोसत नाही.”

काकू हसली. काका हसले नाहीत.

ते गेल्यावर मी पुन्हा पेटीसमोर बसले. एक अळी पुरेशी नव्हती, शेपटी अजून बारीक होती. कोंड्यात दुसरी पांढरी काही मिळेना, म्हणून त्यातल्या त्यात सडपातळ अशी एक तपकिरी निवडली आणि तिच्या तोंडापुढे धरली.

“घ्या साहेब,” मी म्हणाले. घरात कोणी नव्हतं, तरी हळूच म्हणाले.

तिने अळीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग तोंड फिरवलं आणि चटईच्या उबेवर जाऊन पसरली.

पुन्हा नखरे. मी अळी डब्यात टाकली, झाकण लावलं, आणि सकाळचा दुधी गरम करायला ठेवला.